थॅलेसेमिया मेजर, पाठदुखी आणि बाजूने न काढलेला एक्स-रे

पिशवीबहाद्दर (१४ जून, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं नुसता वाचतोय, हा पहिलाच धागा. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी ३३ वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. आठव्या महिन्यापासून रक्त लागतंय, सध्या दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हिमोग्लोबिनची बीटा साखळी आमच्या शरीराला धड बनवता येत नाही, तांबड्या पेशी तयार होता होताच मरतात, म्हणून दुसऱ्याच्या रक्तावर जगायचं. एका पिशवीबरोबर साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठत जातं. ते काढायला लहानपणी रात्रभर पोटाला सुई लावून डेस्फेरॉलचा पंप होता, आता गोळ्या आहेत. आमच्या घरी 'पिशवी आणली का?' हा प्रश्न भाजीबद्दल कोणीच विचारत नाही.

तर मुद्दा. आमच्याकडे फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी), हृदयाचा एमआरआय, यकृत यांवर जेवताना गप्पा व्हायच्या. हाडांचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ऑफिसात पाण्याचा २० लिटरचा जार उलटा करून मशीनवर ठेवत होतो. शिपाई रजेवर. जार छातीपर्यंत आला आणि पाठीत, बरोबर पट्ट्याच्या वर, 'कट' झालं. आवाज कानाने ऐकला की हाडाने, सांगता येत नाही. जार ठेवला (सांडला नाही, याचा तेव्हा अभिमान वाटला होता) आणि खुर्चीत बसलो तो उठताच येईना.

घरी निदान लगेच तयार: उसण भरली. आईने ओव्याचं तेल, गरम पाण्याची पिशवी. मावशीच्या ओळखीचे एक पाठ चोळून देणारे काका आहेत, ते दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी पाठीवर गुडघा टेकवून जो झटका दिला तो आठवला तरी आजही घाम फुटतो. मग एका हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. समोरून एक एक्स-रे काढला, 'हाडाला काही नाही, मसल आहे' म्हणाले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. थॅलेसेमिया आहे हे मी सांगितलं होतं. त्यांनी फक्त 'मग एचबी किती?' एवढंच विचारलं.

पुढचे सहा आठवडे बसून उठताना, शिंकताना, रिक्षा खड्ड्यात गेली की जीव जायचा. मी मात्र ठरवून टाकलं होतं की रक्ताची तारीख जवळ आली की अंग दुखतंच, त्यातलंच हे.

पकडलं कोणी? रक्त लावतात त्या डे-केअरच्या सिस्टरनी. तिथे भिंतीवर उंचीची पट्टी आहे, वर्षातून एकदा सगळ्यांना उभं करतात. माझी उंची १५४ सेंटिमीटर होती, त्या दिवशी १५१ भरली. सिस्टर म्हणाल्या, 'टाचा टेकव नीट.' टेकवल्याच होत्या. पुन्हा मोजली, तेवढीच. तेव्हा मला आठवलं की गेलं वर्षभर माझे सदरे लांब वाटत होते आणि पँट मात्र तशाच बसत होत्या. मी दुकानदाराला शिव्या घालत होतो.

त्याच दुपारी बाजूने एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबलेला, पाचरीसारखा. आणि त्याच्या वर, पाठीतला आठवा मणकाही दबलेला, तो बऱ्याच आधीचा. तो कधी दबला मला पत्ताच नाही. दुखलाही नव्हता.

तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरात कोणाला असं झालंय का? मुख्य म्हणजे पुढे काय केलंत?

मठ्ठ_कारकून (१४ जून, रात्री ११:०५)

बाप रे. सदऱ्याचं वाचून काटा आला. लवकर बरे व्हा. (जार उचलायला ऑफिसात दोन माणसं लागतात हे आमच्या साहेबांनाही वाचायला देतो.)

अनुची_आई (१५ जून, सकाळी ६:२०)

दादा, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. माझी मुलगी ११ वर्षांची, मेजर. ती दोन महिन्यांपासून शाळेतून आली की 'आई, पाठ दुखते' म्हणते. मी दप्तराला दोष देत होते. आमच्या कुठल्याही फाइलमध्ये मणक्याचा एक्स-रे नाही. एकदा डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) काढली होती, त्याच्या रिपोर्टवर टी स्कोअर उणे ३.१ आणि पुढे लाल अक्षरात 'ऑस्टिओपोरोसिस'. मी तर रडलेच होते. मग दुसऱ्या डॉक्टरांनी 'लहान मुलांचं तसं बघायचं नसतं' म्हणून तो कागद बाजूला ठेवला. ठेवला तो ठेवलाच. कोणी समजावून सांगेल का?

गावरान_उपाय (१५ जून, सकाळी ९:१४)

कॅल्शियमच्या गोळ्या म्हणजे खडू. आमच्याकडे हाड मोडलं की कांडवेल वाटून लावतात आणि पोटातही देतात. सोबत नाचणी, तीळ, डिंकाचे लाडू, अळीव. तीन महिन्यांत हाड लोखंडासारखं होतं. स्वानुभव.

पिशवीबहाद्दर (१५ जून, सकाळी ९:४०)

लोखंड आमच्याकडे भरपूर आहे हो, तीच तर तक्रार आहे :)

हार्मोनवाला (१५ जून, दुपारी २:३१)

मी हाडांचा डॉक्टर नाही, ग्रंथींचा, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजीचा. थॅलेसेमियाची बरीच मुलं-माणसं माझ्याकडे येतात, बहुतेक उशिरा येतात. इथे लिहितोय ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, तुमची फाइल मी पाहिलेली नाही.

आधी धागाकर्त्याची गोष्ट. ती दुर्मिळ नाही. उत्तर अमेरिका आणि लंडनमधल्या ३६१ थॅलेसेमिया रुग्णांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय २३. त्यातल्या ३६ टक्के लोकांचं कुठलं ना कुठलं हाड कधीतरी मोडलेलं होतं आणि ४६ टक्क्यांची मणक्याची घनता वयाच्या मानाने फारच कमी होती. हे नियमित उपचार मिळणारे लोक, हे लक्षात घ्या.

आता असं का होतं. हाड म्हणजे दगड नव्हे, घर आहे. आत मज्जा राहते आणि मज्जेत रक्त तयार होतं. थॅलेसेमियात मज्जा जिवाच्या आकांताने रक्त बनवायला बघते आणि जमत नाही, म्हणून ती फुगत जाते. भाडेकरूने आतून भिंती पोखरून खोली मोठी करावी तशी. हाडाचं बाहेरचं कवच पातळ, आतली जाळी विरळ. रक्त वेळेवर मिळालं, म्हणजे पुढची पिशवी लावण्याआधीचं हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली जाऊ दिलं नाही, तर मज्जा बरीचशी गप्प बसते.

दुसरी गोष्ट माझ्या प्रांतातली आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. लोह तिच्यात साठलं की ती लैंगिक ग्रंथींना हुकूम द्यायचं थांबवते. मुलींची पाळी सुरूच होत नाही किंवा येऊन थांबते, मुलांचा आवाज फुटत नाही, दाढी येत नाही. आईवडील म्हणतात, 'आजारी पोर आहे, उशिरा होईल.' पण हाडांची जी काही बचत व्हायची ती याच हार्मोनच्या जोरावर दहा ते वीस-पंचवीस या वयात होते. ती वर्षं कोरडी गेली की पुढे कितीही कॅल्शियम खा, भांडवलच कमी.

शिवाय डी जीवनसत्त्वाची कमतरता, झिंक कमी, मधुमेह, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीत लोह जाऊन रक्तातलं कॅल्शियम घसरणं, लोह काढणाऱ्या काही गोळ्यांमुळे लघवीतून कॅल्शियम जाणं, आणि 'तू बस, तू दमशील' म्हणत आपण मुलांना खेळूच न देणं. एकच कारण असतं तर काम सोपं होतं.

अनुची आई, तुमचं. टी स्कोअर म्हणजे तिशीतल्या निरोगी माणसाशी तुलना. ११ वर्षांच्या मुलीची तुलना तिशीतल्या बाईशी केली तर दुसरं काय निघणार? मशीन आपोआप छापतं, ते खोडून टाका. मुलांत झेड स्कोअर बघायचा, म्हणजे त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशी तुलना. त्यातही आणखी एक मेख आहे. आपली मुलं बुटकी असतात आणि डेक्सा छोट्या हाडाला कमी घनतेचं समजते. म्हणून उंचीचा हिशेब धरून झेड स्कोअर पुन्हा काढावा लागतो. लहान मुलात नुसत्या आकड्यावर 'ऑस्टिओपोरोसिस' लिहीत नाहीत. त्याला मोडलेल्या हाडांचा इतिहास लागतो. मात्र मणका दबलेला सापडला, आणि तो मोठ्या अपघाताशिवाय, तर आकडा काहीही असो, निदान तिथेच होतं. म्हणून दुखतंय म्हणतेय तर बाजूचा एक्स-रे काढून घ्या. दप्तरही हलकं करा, ते आपलं वेगळं.

आणि दबलेला मणका डेक्साला फसवतो. तेवढंच कॅल्शियम कमी जागेत चेपलं की घनता वाढल्यासारखी दिसते. रिपोर्ट 'सुधारला' म्हणून पेढे वाटलेले मी पाहिलेत.

निशिगंध_२९ (१५ जून, सायंकाळी ७:५०)

डॉक्टर, पिट्युटरीचा परिच्छेद वाचून शांत बसून राहिले थोडा वेळ.

माझी पाळी सोळाव्या वर्षी आली, चार महिने राहिली आणि गेली. आई म्हणायची, 'बरंच झालं, रक्त वाया जात नाही.' तिला वाईट बोलत नाही, तिला खरंच तसं वाटायचं. एक पिशवी मिळवायला बाबा मे महिन्यात चार-चार रक्तपेढ्या फिरायचे, कारण सुट्टीत शिबिरं होत नाहीत. त्या घरात पाळी म्हणजे गळती. चोविसाव्या वर्षी मनगट मोडलं, बाथरूममध्ये घसरून, फार जोरातही नाही. तेव्हा कुठे हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. मधली आठ वर्षं कोणी मागे वळून परत देणार नाही.

पिशवीबहाद्दर (१५ जून, रात्री ११:३८)

निशिगंध, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहितो. वरच्या पोस्टमध्ये एक गोष्ट गाळली होती.

मला अठराव्या वर्षापासून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन होतं, चार आठवड्यांनी एक. एकोणतिसाव्या वर्षी मी ते बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर बदलला होता, त्याने इंजेक्शनची पेटी हातात धरून नाव मोठ्याने वाचलं आणि बाकावरच्या बायकांकडे बघून हसला. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. डे-केअरला विचारलं की 'चालू आहे' म्हणायचो. चार वर्षं.

आणि रक्ताचंही. नवीन नोकरीत रजा कापायचे म्हणून तीन आठवड्यांचे चार, कधी पाच केले. पिशवीआधीचं एचबी साडेसातवर यायचं आणि मी 'झेपतंय की' म्हणून खूश. मज्जा भिंती पोखरत होती हे आत्ता डॉक्टरांचं वाचून कळलं.

तेव्हा जार निमित्त झाला. बिचाऱ्या जारवर सगळा राग काढू नका.

हार्मोनवाला (१६ जून, सकाळी ७:०२)

तुमच्यासारखे माझ्याकडे पाचात एक तरी निघतो, आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं: कोणीतरी हसलं. इंजेक्शन डे-केअरमध्येच, रक्त लावतात त्याच दिवशी घ्या. मला वाटतं तिथे कोणी पेटीवरचं नाव वाचून दाखवणार नाही. जेलही मिळतं.

गावरान उपाय, तुमचाही प्रतिसाद सोडून द्यावासा वाटला नाही. नाचणी उत्तम. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदूळ-गव्हापेक्षा कितीतरी जास्त. तीळही चांगले. दूध पचत असेल तर दूध-दही. अळिवात लोह भरपूर, म्हणून थॅलेसेमियाच्या घरात बाळंतिणीचे लाडू पोराला भरवू नका. अर्थात नियमित रक्त घेणाऱ्यांत खरं लोह पिशवीतून येतं, अन्नातलं त्यापुढे किरकोळ, तेव्हा पालकाची भाजी पाहून घाबरायचंही कारण नाही. जे क्वचित रक्त घेतात, म्हणजे इंटरमीडियावाले, त्यांचं आतडं मात्र अन्नातलं लोह अधाशासारखं शोषतं. त्यांनी जपावं. जेवणाबरोबर चहा घेतला की लोह कमी शोषलं जातं, हा एकच आजार असेल ज्यात डॉक्टर जेवताना चहा प्या म्हणतो.

कांडवेलीबद्दल: पोटात घेऊ नका. यकृत आधीच लोहाने थकलेलं असतं, त्यात काय किती मात्रेत जातंय याचा हिशेब नसलेलं काही नको. आणि पाठीवर गुडघा टेकवणाऱ्या काकांना लांबूनच नमस्कार.

गावरान_उपाय (१६ जून, सकाळी ८:५५)

नाचणी मान्य झाली ना, मग झालं. चहाचं ऐकून आनंद झाला. कांडवेल मागे घेतो, थॅलेसेमियापुरती.

वैदर्भी_इंटर (१६ जून, दुपारी १:१७)

नागपूरहून. मी इंटरमीडिया, वय ४१. रक्त आयुष्यात सात-आठदाच लागलं. म्हणून आमच्या घरचे सगळे म्हणायचे, 'तुले काय, तुले तर सौम्य आहे.' सौम्य कायचं! रक्त घेत नाही म्हणून मज्जा जास्त फुगते. गालाची हाडं बघा माझी.

माझीही पाठ दुखत होती, पण माझं प्रकरण वेगळं निघालं, म्हणून लिहितो. दुखण्याबरोबर महिनाभरात पायात मुंग्या, मग चप्पल पायातून निसटायला लागली. मला कळायचंच नाही की चप्पल पायात नाही. मग एक दिवस लघवी अडली. एमआरआयमध्ये दिसलं की पाठीच्या कण्याजवळ रक्त बनवणाऱ्या मज्जेचाच गोळा तयार झालाय आणि तो मज्जारज्जूला दाबतोय. गाठ म्हटल्यावर घरात सगळे कॅन्सर समजून बसले. नव्हता. रक्त नियमित सुरू केलं, थोडं रेडिएशन दिलं, हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध चालू आहे. आता चालतो, थोडा लंगडत.

तेव्हा सगळी पाठदुखी म्हणजे दबलेला मणका नाही. पाय सुन्न, चालताना तोल, लघवी-संडासवरचा ताबा यांतलं काही आलं तर एक्स-रेत वेळ घालवू नका, त्याच दिवशी एमआरआय.

हार्मोनवाला (१६ जून, दुपारी १:४०)

शब्दन् शब्द बरोबर. संपादकांना विनंती, हा प्रतिसाद वर चिकटवता आला तर बघा.

लंडनची_सिस्टर (१६ जून, रात्री ११:५९)

मी मूळची सांगलीची, सध्या लंडनमध्ये हिमोग्लोबिनच्या आजारांच्या विभागात नर्स. आमच्याकडचे जुने थॅलेसेमिया रुग्ण बरेचसे सायप्रसहून आलेल्या कुटुंबांतले. साठी ओलांडलेले आहेत. आता नव्या पिढीत पाकिस्तानी, बांगलादेशी, भारतीय नावं जास्त. जुन्यांची पाठ बघितली की इतिहास कळतो. पंप १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुळला, त्याआधीची वर्षं त्यांनी तशीच काढली. एक आजोबा आहेत, खुर्चीत बसले की हनुवटी छातीला टेकते. विनोद मात्र सगळ्यात जास्त तेच करतात.

इथे साधारण दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी डेक्सा होते, डी जीवनसत्त्व दरवर्षी तपासतात आणि पाठ दुखतेय म्हटलं की मणक्याचं चित्र काढतात. हे काही फार महागडं शास्त्र नाही, तपासण्यांच्या यादीत लिहिलेलं असतं म्हणून होतं, एवढंच. तुमच्या डे-केअरच्या फाइलला असा एक कागद पहिल्या पानावर लावून घ्या.

अजून एक. अगदी लहान वयात पंपाचं औषध वजनाच्या मानाने जास्त दिलं गेलं तर मणके चपटे राहतात आणि धड आखूड दिसतं. ते दबणं नव्हे, वाढ खुंटणं. एक्स-रे वाचणाऱ्याला जुना डोस माहीत असेल तर गोंधळ होत नाही. अनुच्या आईंनी जुने कागद सोबत न्यावेत.

अनुची_आई (१७ जून, सकाळी ६:४५)

खूप खूप आभार सगळ्यांचे. अनुला पंप कधीच नव्हता, सुरुवातीपासून केल्फर, लोह काढायची गोळी. मध्ये गुडघेही दुखत होते तिचे.

हार्मोनवाला (१७ जून, सकाळी ७:१०)

गुडघ्यांचं रक्ताच्या डॉक्टरांना नक्की सांगा. त्या औषधाने सांधे दुखू शकतात, कधी डोस कमी करावा लागतो. स्वतःहून बंद करू नका. आणि त्या गोळीवर असताना ताप आला तर पांढऱ्या पेशी लगेच मोजायच्या, हे तुम्हाला सांगितलेलं असेलच.

चालता_बोलता (१७ जून, दुपारी ४:२२)

फिजिओथेरपिस्ट आहे, दोन गोष्टी माझ्याकडून.

दबलेला मणका पुढच्या बाजूने चेपलेला असतो. त्यामुळे पुढे वाकणं हे त्याचं वैर. पश्चिमोत्तानासन, हलासन, सर्वांगासन, पोट कमी करायचे सिट-अप्स बंद. योगाच्या वर्गात बाई कितीही प्रेमाने 'अजून थोडं, नाक गुडघ्याला' म्हणाल्या तरी नाही. खालचं काही उचलायचं तर कमरेतून वाकायचं नाही, गुडघे दुमडून खुब्यातून बसायचं, वस्तू पोटाशी धरायची. बादली अर्धीच भरा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने स्वतःला वर ढकला. पट्टा सुरुवातीचे काही आठवडे ठीक, वर्षभर लावून फिरलात तर पाठीचे स्नायू संपावर जातात.

करायचं काय? चाला. रोज, अंगावर ऊन घेत, जमेल तितकं. भिंतीला पाठ लावून उभं राहणं, हात वर सरकवणं, पाठीचे स्नायू घट्ट करणारे साधे व्यायाम. पोहणं स्नायूंना छान, पण पाण्यात हाडावर वजन पडत नाही, म्हणून नुसत्या पोहण्यावर भागत नाही. मुलांना खेळू द्या. प्लीहा मोठी असेल तर धक्काबुक्कीचे खेळ तेवढे नकोत. आणि दुचाकीवर मागच्या सीटवर बसून आपल्या रस्त्यांवरून जाणं... जाऊ द्या, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

मठ्ठ_कारकून (१७ जून, सायंकाळी ६:०३)

त्या धाग्याला १००० प्रतिसाद माझेच.

निशिगंध_२९ (१८ जून, रात्री ९:३३)

हाडांच्या औषधाबद्दल कोणी लिहीत नाहीये, म्हणून माझा अनुभव. मला आधी आठवड्याची गोळी होती, अ‍ॅलेन्ड्रोनेट. सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. आमच्या घरात सकाळी अर्धा तास चहाशिवाय राहणं म्हणजे बंड. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होते, म्हणून हा नियम, थट्टा नाही. मला जळजळ व्हायला लागली म्हणून मग शिरेतून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड.

त्याआधी डी जीवनसत्त्व तपासलं, ११ आलं. ते भरून काढल्याशिवाय सलाइन देणार नाही म्हणाले, नाहीतर कॅल्शियम एकदम घसरतं. आठ आठवडे साठ हजारांची पुडी, आठवड्याला एक. दातांच्या डॉक्टरकडेही पाठवलं. हे औषध सुरू असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून काढायची ती आधीच काढून घ्यायची. सलाइन अर्ध्या तासात संपलं, आणि दुसऱ्या दिवशी असा ताप, अशी अंगदुखी की मला वाटलं डेंगी. दोन दिवसांत उतरला. दुसऱ्या खेपेला जवळजवळ काहीच नाही.

लग्न ठरलेल्या किंवा मूल हवं असलेल्या मुलींनी हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांशी मोकळं बोला. ते हाडात वर्षानुवर्षं राहतं. मला कोणी विचारलंच नव्हतं. गृहीत धरलं असावं.

हार्मोनवाला (१८ जून, रात्री १०:२०)

शेवटची ओळ आमच्या जमातीला लागू आहे. नोंद घेतली.

भर एवढीच घालतो. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन आहे, थॅलेसेमियात वापरून बघितलंय, घनता वाढते. पण ते मध्येच सोडलं तर हाडं झपाट्याने झिजतात आणि एकामागून एक मणके दबू शकतात. आमचे धागाकर्ते ज्या सहजतेने इंजेक्शनं बंद करतात ते पाहता त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये :)

आणि कुठलंही औषध दबलेला मणका परत चौकोनी करत नाही. पुढचा दबू नये, यासाठी ते असतं.

पिशवीबहाद्दर (१९ जून, रात्री १०:५०)

टोमणा पोचला डॉक्टर.

माझं सध्याचं सांगतो. झोलेड्रोनिकची दोन सलाइनं झाली, ताप पहिल्याला आला, दुसऱ्याला नाही. इंजेक्शन डे-केअरमध्ये घेतोय. रक्ताची तारीख तीन आठवड्यांवर परत आणली. त्यासाठी साहेबांसमोर अपंगत्वाचं प्रमाणपत्र ठेवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे, हे मलाच याच कारणाने कळलं. साहेबांनी प्रमाणपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, 'दिसत नाही हो तुमच्याकडे बघून.' तेच तर ना.

मार्चमध्ये डेक्सा पुन्हा काढली. कमरेचा झेड स्कोअर उणे ३.४ वरून उणे २.९. दबलेला मणका त्या मोजणीतून वगळून, विचारण्याआधीच सांगतो. उंची १५१ च आहे. सदरे दोन इंच कापून घेतले. शिंपी म्हणाला, 'पोट सुटलं म्हणून उचलले जातात, कापू नका.' त्याला काय सांगणार, कापून दे म्हटलं.

पाण्याच्या जारला आता हातपंप बसवलाय, तो जमिनीवरच असतो. बसवायला मीच लावला.

अनुची_आई (२७ जून, दुपारी ३:१५)

एक्स-रे झाला. खिडकीवरच्या माणसाने आधी समोरूनच काढायला घेतला होता. मी चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'पाठ आणि कंबर, लॅटरल' असं लिहून घेतलं होतं, ते दाखवलं तेव्हा त्याने पोरीला कुशीवर निजवलं.

फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मीच मोजत बसले. सगळे मणके चौकोनी आहेत. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. डी मात्र ९ आलंय, पुड्या सुरू केल्या. अकरा वर्षांची झाली, आता ग्रंथींच्या डॉक्टरांकडेही नाव घातलंय, पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.

पिशवीबहाद्दर (२७ जून, दुपारी ३:२२)

ताई, छान झालं! डी येईल वर. फिल्म जपून ठेवा, दोन वर्षांनी तुलनेला लागेल. आमच्या आईसारखी गादीखाली ठेवू नका, चिकटते. आणि मागच्या बाजूला पेनाने तारीख आणि तिची उंची लिहून ठेवा.

अनुची_आई (२७ जून, दुपारी ३:४०)

लिहिली. १२९. दाराच्या चौकटीवरही पेन्सिलने रेघ मारलीय, घरमालकांना सांगू नका.